हलके सौरपंख आणि जडशीळ व्यवस्था

वाराणसीचा बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणजे पूर्वीचा डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स. रेल्वे इंजिनांच्या या कारखान्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका मार्गावर, दोन रुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत सौरपॅनेल्स बसवण्यात आली. लांबी ७० मीटर, पॅनेल्स २८, क्षमता १५ किलोवॉट. त्यांच्यावरून गाडी जाते आणि रुळांच्या देखभालीची वेळ आली की ती काढून ठेवता येतात. भारतीय रेल्वेतील हा अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग असल्याने वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते रास्तही होते. परंतु त्या बातमीतील आकड्यांवरून एक वेगळाच हिशेब मांडता येतो.

त्या प्रत्येक पॅनेलचे वजन ३२ किलोच्या आसपास आहे. म्हणजे २८ पॅनेल्सचे वजन झाले सुमारे ८९० किलो, आणि दर किलोमागे मिळाली साधारण १७ वॉट वीज. रेल्वेला या वजनाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. ज्या रुळांवरून शंभर टनांहून जड इंजिने धावतात, तेथे ३२ किलोचे काय? आता डिसेंबर २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेला जीसॅट-११ हा आपला दळणवळण उपग्रह पाहावा. त्याची विजेची गरज जवळजवळ तेवढीच, म्हणजे १३ किलोवॉटहून थोडी अधिक. या उपग्रहाचे एकूण वजन होते ५,८५४ किलो. ते आपल्या कोणत्याही अग्निबाणाला पेलणारे नव्हते, म्हणून तो फ्रेंच गयानातील कूरू येथून एरियान-५ अग्निबाणाने पाठवावा लागला. अशा उपग्रहावर ८९० किलोची पॅनेल्स चढवण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर बसवलेली आजची ताठ सौरपॅनेल्स किलोमागे साधारण ५० ते ८० वॉट देतात, तर गुंडाळता किंवा पंख्यासारखे मिटता येणारे नवे सौरपंख १०० वॉटचा टप्पा ओलांडतात. वाराणसीच्या रुळांमधली वीज अवकाशात दोनशे किलोंत, आणि नव्या तंत्राने शंभर-सव्वाशे किलोंत मावते.

१७ वॉटपासून १०० वॉटपर्यंतची ही शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्यांवर आपला देश आज मोठ्या दिमाखात उभा आहे; वरच्या पायऱ्यांवरचा माल मात्र आपण अजूनही मुख्यतः विकत आणतो. याचे खापर आपल्या शास्त्रज्ञांच्या माथी मारण्याची एक पद्धत आहे. ती मला सर्वस्वी अन्यायकारक वाटते. नव्या वस्तूच्या पहिल्या उड्डाणाची जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न आपल्या प्रशासनाने कधी सोडवलाच नाही आणि हलक्या सौरपंखांचे घोडे नेमके तेथेच अडले आहे, हे माझे प्रतिपादन आहे.

वजनाचे मोल आधी स्पष्ट करतो. भूस्थिर उपग्रहाला आपल्या जागी टिकून राहण्यासाठी वर्षाकाठी सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल करावा लागतो. रासायनिक इंधनावर चालणाऱ्या तीन टनांच्या उपग्रहाला त्यासाठी वर्षाला ढोबळमानाने ५० किलो इंधन खर्ची घालावे लागते. म्हणजे सौरपंखांच्या वजनात ५० किलोंची बचत झाली, तर तेवढे जादा इंधन भरून उपग्रहाचे आयुष्य एका वर्षाने वाढवता येते, किंवा तेवढ्या वजनाची अधिक उपकरणे नेता येतात. उपग्रहाच्या एका वर्षाच्या सेवेचे मूल्य ज्याला ठाऊक आहे, त्याला पंखांच्या किमतीतील दहा-वीस टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटेल. आपल्या खरेदीच्या निविदेत मात्र नेमका हा फरकच तेवढा दिसतो. वाचलेले वर्ष तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

पंख हलके करण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला सौरघटाचा. सिलिकॉनचा चांगला घट सूर्यप्रकाशाच्या वीस-बावीस टक्क्यांचे विजेत रूपांतर करतो. जर्मेनियमच्या पातळ चकतीवर गॅलियमयुक्त संयुगांचे थर चढवून केलेला त्रिसंधी घट सुमारे तीस टक्के करतो आणि किरणोत्साराचा मारही अधिक सोसतो. कार्यक्षमता वाढली की क्षेत्रफळ घटते आणि त्यासोबत वजनही. दुसरा मार्ग आधाराचा: ॲल्युमिनियमची जाळी आणि कार्बन तंतूंचे पापुद्रे यांऐवजी पातळ, लवचीक पत्रा किंवा जाळीदार कापड. तिसरा मार्ग उलगडण्याच्या यंत्रणेचा. प्रक्षेपणाच्या वेळी घडी घातलेला पंख अवकाशात एकदाच, अचूक आणि कोणाचाही हात न लागता उघडावा लागतो. त्यानंतर पृथ्वीजवळच्या कक्षेत तो दिवसाला सुमारे पंधरा वेळा सूर्योदय आणि सूर्यास्त पाहतो. प्रत्येक वेळी कडाक्याच्या थंडीतून भाजणाऱ्या उन्हात आणि पुन्हा थंडीत. वर्षाला अशी साडेपाच हजार आवर्तने होतात. एखादा सांधा सुटला तर दुरुस्तीला कोणी जाणार नाही.

या शास्त्राशी आपला परिचय जुना आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी कक्षेत गेलेल्या आर्यभटाच्या सव्वीस पृष्ठांच्या देहावरच सौरघट चिकटवलेले होते. त्यांतून मिळत असे अवघी ४६ वॉट वीज, आणि वीजपुरवठ्यातील बिघाडामुळेच त्यावरील प्रयोग चार-पाच दिवसांत थांबवावे लागले. जून १९८१ मध्ये गेलेला ॲपल हा उपग्रह मराठी वाचकांना बैलगाडीवरील त्या प्रसिद्ध छायाचित्रामुळे आठवत असेल. त्याचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरीही आपल्या अभियंत्यांनी उरलेल्या एका पंखावर तो दोन वर्षांहून अधिक काळ चालवून दाखवला. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या दोनपैकी एका सौरपॅनेलच्या वीजपुरवठ्यात दोष आला आणि त्याचे निम्मे प्रक्षेपक बंद करावे लागले. देशभरच्या घरांतील दूरचित्रवाणीचे पडदे अंधारले, तेव्हा सौरपंख हा काय जिन्नस आहे हे सामान्य ग्राहकालाही समजले. आणि २०१३ मध्ये निघालेल्या मंगळयानाने तीन पॅनेल्सच्या, साडेसात चौरस मीटरांच्या बळावर मंगळाच्या क्षीण उन्हातही ८४० वॉट मिळवले. पॅनेल्सची जुळणी, बिजागऱ्या, चाचण्या हे सारे आपल्याला येते. बंगळुरूच्या भेल कंपनीत आणि अलीकडे काही खासगी कंपन्यांतही अशी पॅनेल्स बांधली जातात. परंतु त्यांवर बसणारे बहुसंधी घट मुख्यतः परदेशातून येतात. चौकट आपली, काच त्यांची, अशी ही खिडकी आहे.

येथे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाची आठवण करून देतो. गाझियाबादजवळच्या साहिबाबादेतील ही कंपनी देशातला पहिला सौरघट आपण १९७७ मध्ये बनवल्याचे अभिमानाने नोंदवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने ती २१० कोटी रुपयांना एका खासगी कंपनीला विकण्याचे मंजूर केले. वाद झाला आणि २०२२ मध्ये तो व्यवहार रद्द करण्यात आला. विक्री योग्य की अयोग्य यात मी येथे शिरत नाही. मला बोचते ते हे की, त्या संपूर्ण वादात चर्चा झाली ती मूल्यांकनाची आणि जमिनीची. पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवातून अवकाशयोग्य घटाकडे जाणारा रस्ता का निघाला नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कोठे ऐकू आला नाही.

इतर देशांनी काय केले? जून २०१७ मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक गुंडाळता येणारा सौरपंख उलगडून पाहिला. तो नीट उलगडला, त्याची कंपने मोजली गेली. पण परत गुंडाळताना तो जागी अडकेना. आठवडाभराने स्थानकाच्या यांत्रिक हाताने तो अवकाशात सोडून देण्यात आला. आपल्याकडे या घटनेचे काय झाले असते, ते प्रशासनाशी संबंध आलेल्या कोणालाही सांगता येईल. प्रथम खुलासा मागवला गेला असता, मग चौकशी समिती, मग लेखापरीक्षणात ‘निष्फळ खर्च’ या शीर्षकाचा एक परिच्छेद. आणि त्या परिच्छेदाचे उत्तर लिहिण्यात पुढच्या तीन अधिकाऱ्यांची कारकीर्द संपली असती. तिकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये डार्ट हे यान त्याच पद्धतीचे पंख घेऊन एका लघुग्रहाच्या दिशेने निघाले, आणि त्याच वर्षी अवकाश स्थानकाच्या जुन्या पंखांवर तसेच नवे पंख बसू लागले. हा पंख घडवणारी कंपनी कॅलिफोर्नियातील एक छोटी कंपनी होती. लहान उद्योगांच्या संशोधनासाठी राखून ठेवलेल्या शासकीय निधीतून तिला टप्प्याटप्प्याने पैसा मिळाला, हवाई दलाची प्रयोगशाळा पाठीशी राहिली आणि उड्डाणाची जागा शासनाने दिली. पहिली जोखीम राज्यसंस्थेने उचलली. बाजार मागाहून आला.

हलकेपणाला धोका नसतो असा माझा दावा मुळीच नाही. १९९० मध्ये गेलेल्या हबल दुर्बिणीचे लवचीक पंख रात्रीच्या छायेतून उन्हात येताना तापून थरथरत आणि त्यामुळे दुर्बिणीची नजर हले. ते डिसेंबर १९९३ मध्ये बदलावे लागले आणि २००२ मध्ये त्यांच्या जागी लहान, ताठ पंख बसवण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेल्या ल्यूसी यानाच्या दोन पंख्यांपैकी एक पूर्ण उघडून बंदिस्त झाला नाही. ही उदाहरणे लवचीक पंखांच्या विरोधात नेहमी दिली जातात. माझ्या मते ती माझीच बाजू बळकट करतात. जी वस्तू प्रत्यक्ष अवकाशातच आपले दोष दाखवते, ती अवकाशात नेऊन पाहण्याखेरीज शिकण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि ज्या व्यवस्थेत असे पाहणे हाच गुन्हा ठरतो, ती व्यवस्था कायम दुसऱ्यांनी शिकलेले विकत घेत राहते.

आता आपल्या व्यवस्थेची चार कुलुपे पाहू. पहिले कुलूप न्यूनतम दराचे. गुणवत्ता आणि खर्च यांचा एकत्रित निकष सल्लागार सेवांसाठी होताच. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो कामे आणि अन्य सेवांसाठीही खुला झाला. वस्तूंच्या खरेदीत मात्र अजून न्यूनतम दराचाच अंमल चालतो. दुसरे कुलूप ‘पूर्वानुभवा’चे. ज्या घटाने आधी उड्डाण केले आहे तोच घट उड्डाणास पात्र, आणि पात्र ठरल्याशिवाय उड्डाण नाही. पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नये, अशातला हा नियम आहे. तिसरे कुलूप ३१ मार्चचे. घटाचे थर चढवणारी भट्टी मागवण्यापासून ती रुळण्यापर्यंत दोन-तीन वर्षे जातात. आपला निधी मात्र दर वर्षी उपयोगिता प्रमाणपत्र मागतो. चौथे कुलूप आयातीच्या परवानगीचे. मे २०२० मध्ये २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यास बंदी आली. स्वदेशीच्या हेतूने आलेल्या या नियमाने स्वदेशी घट बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळांनाच अडवले, कारण ती भट्टी जर्मनी-अमेरिकेसारख्या मोजक्याच देशांत बनते. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना अशा निविदांचे अधिकार दिले आणि किरकोळ खरेदीच्या मर्यादाही वाढवल्या. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण पाच वर्षे गेली ती गेली, आणि उरलेली तीन कुलुपे जागच्या जागी आहेत.

माझ्यासारखे अर्थशास्त्र शिकलेले लोक येथे एक आक्षेप घेतात. तो हास्यास्पद नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा: रिकार्डोचे तौलनिक लाभाचे तत्त्व सांगते की ज्यात आपण स्वस्त आहोत ते बनवावे, बाकीचे विकत घ्यावे. उपग्रहाच्या एकूण खर्चात घटांचा वाटा लहान, मागणीही लहान. दहा उपग्रह आणि प्रत्येकी पाच किलोवॉट धरले तरी वर्षाची गरज झाली ५० किलोवॉट, म्हणजे वाराणसीच्या त्या रुळांची अडीचशे मीटर लांबीही भरणार नाही. एवढ्याशा मागणीवर कारखाना कसा उभा राहावा?

मागणी लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मागणी लहान आणि ज्ञान मोठे असेल, तर बाजार तेथे येणार नाही. आणि ज्या ज्ञानाचा लाभ एका कंपनीपुरता न राहता दळणवळण, संरक्षण, हवामान अशा सर्वांना मिळतो, ते निर्माण करणे हे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातसुद्धा राज्यसंस्थेचेच काम मानले आहे. शिवाय मागणी लहानच राहील असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या मालिकेला मंजुरी मिळाली असून त्यांपैकी ३१ खासगी उद्योगांनी बनवायचे आहेत. २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्या स्थानकाला वीज देणारे पंख जीसॅट-११ च्या पंखांहून मोठेच असतील.

रिकार्डोच्या सिद्धान्तात आणखी एक गृहीतक आहे: विकणारा विकत राहील. ते किती खरे, हे आपण १९९०च्या दशकात क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकरणात आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर लादल्या गेलेल्या निर्बंधांत अनुभवले. घटांचे जगातील प्रमुख उत्पादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्यापैकी न्यू मेक्सिकोतील एक कंपनी २०२२ मध्ये एका अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली, कारण घटांचा पुरवठा दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणे त्या कंपनीला परवडेना. जे एका खासगी कंपनीला कळते ते एका प्रजासत्ताकाला कळू नये?

जागतिक व्यापार संघटनेची सबबही पुढे केली जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये आपण अमेरिकेविरुद्ध सौरघटांचा दावा हरलो हे खरे. पण त्या निकालाचा आधार काय होता? आपले शासन वीज विकत घेत होते आणि देशी असण्याची अट घातली होती सौरघटांवर. शासनाने स्वतः घट खरेदी केलेच नव्हते, म्हणून शासकीय खरेदीची सवलत लागू नाही, असे अपील मंडळाने ठरवले. उपग्रहासाठी शासन स्वतःच्या वापराकरिता प्रत्यक्ष घटच विकत घेते. तेथे हा निकाल आडवा येण्याचे कारण नाही. जे दार उघडे आहे त्यालाही बाहेरून कडी असल्याचे सांगत बसणे, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी खोड आहे.

आता कच्च्या मालाकडे वळतो. त्यासाठी वाराणसीपासून फार दूर जावे लागत नाही. दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, सोनभद्र जिल्ह्यात रेणुकूट आहे. रिहंद धरणाच्या परिसरात १९६२ पासून तेथे हिंदाल्कोचा ॲल्युमिनियम कारखाना चालतो. बॉक्साइटमध्ये गॅलियम अत्यल्प प्रमाणात, दशलक्ष भागांत काही दशक भाग, असते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना जे द्रावण पुन्हापुन्हा वापरले जाते त्यात ते साठत जाते आणि वेगळे काढता येते. खाण मंत्रालयाच्या समितीने २०२३ मध्ये देशासाठी अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. तीत गॅलियम आणि जर्मेनियम दोन्ही आहेत. गॅलियमविषयी अहवाल काय म्हणतो? रेणुकूट येथे आणि ओडिशातील दामनजोडीच्या नाल्को कारखान्यात ते ‘पूर्वी’ काढले जात असे. या एका क्रियाविशेषणात आपल्या औद्योगिक धोरणाचा सारा इतिहास आला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जगातील प्राथमिक गॅलियमपैकी सुमारे ९८ टक्के त्या एका देशातून येते. जेव्हा ते स्वस्त होते तेव्हा आपण काढणे थांबवले. जेव्हा ते मिळेनासे झाले तेव्हा त्याचे नाव यादीत घातले. जानेवारी २०२५ मध्ये अत्यावश्यक खनिजांच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी मिळाली आहे. त्या अभियानाची कसोटी किती सामंजस्य करार झाले यावर न लावता, रेणुकूटच्या द्रावणातून किती किलो गॅलियम निघाले यावर लावली पाहिजे.

आणि हे गॅलियम शुद्ध करून त्याचा घट बनवण्याची विद्या? तिचे एक घर वाराणसीतच आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात धातुशास्त्राचे पदवी शिक्षण १९२३ मध्ये, देशात सर्वप्रथम, सुरू झाले. त्याच परंपरेतील आजच्या आयआयटी-बीएचयूमध्ये इस्रोने २०२१ साली अवकाशविषयक प्रादेशिक शैक्षणिक केंद्र स्थापण्याचा करार केला. अशा केंद्रांना इस्रोकडून मिळणारे अनुदान वर्षाला जास्तीत जास्त २ कोटी रुपये आहे. त्यात विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतील, परिसंवाद होतील, शोधनिबंधही निघतील. घटाचे थर चढवणारी एक चांगली भट्टी मात्र त्यात येणार नाही. रेणुकूटचे गॅलियम खाण खात्याकडे, वाराणसीची प्रयोगशाळा शिक्षण खात्याकडे, उपग्रह अवकाश विभागाकडे, अर्धवाहक इलेक्ट्रॉनिक्स खात्याकडे आणि रडारसाठी लागणारे गॅलियम संरक्षण खात्याकडे. दीडशे किलोमीटरांच्या अंतरात पाच मंत्रालये उभी आहेत आणि त्यांच्यामधून चालत जाण्याची जबाबदारी कोणत्याही एका अधिकाऱ्यावर नाही.

वाराणसी आणि सूर्य यांचे नाते सांगताना आपण मराठी माणसे बापूदेव शास्त्रींचे नाव अभिमानाने घेतो. मूळचे महाराष्ट्रातले हे ज्योतिषी काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. अभिमान योग्यच आहे. मात्र बापूदेवांनी प्राचीन ग्रंथाच्या जोडीला युरोपीय गणितही आत्मसात केले आणि विद्यार्थ्यांना शिकवले. त्यांचे नाव घेऊन सौरऊर्जेच्या परिषदांत दीपप्रज्वलन करायचे आणि घट आयात करायचे, हे त्यांच्या वारशाला शोभत नाही.

कुलुपे काढण्याची किल्ली आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. ती वाराणसीतच, याच लेखाच्या आरंभी आलेल्या कारखान्यात आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या सहकार्याने तेथे डिझेल इंजिने बांधायला सुरुवात झाली आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. आरंभी सुटे भाग बाहेरून येत आणि येथे जोडले जात. पण ग्राहक होती स्वतः भारतीय रेल्वे. तिला वर्षानुवर्षे इंजिने लागणार हे निश्चित होते, म्हणून एकेक भाग येथे बनू लागला. पहिले देशी भाग परदेशी भागांहून महाग पडले असतील, बिघडलेही असतील. पण रेल्वेने ते वापरले. महाराष्ट्रातही हेच घडले. वसंत गोवारीकरांच्या पिढीने घन इंधन देशात घडवले आणि इस्रोच्या मागणीवर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरने अग्निबाणांची आवरणे, तर विक्रोळीच्या गोदरेजने इंजिने बनवली. साखर कारखान्यांची यंत्रे आणि कपाटे यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपन्यांकडे कोणता ‘पूर्वानुभव’ होता? इस्रोने तो त्यांना मिळवू दिला. अग्निबाणाच्या बाबतीत जे धैर्य दाखवले ते सौरघटाच्या बाबतीत दाखवायचे आहे, इतकेच.

माझ्या मागण्या चार आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नव्या कायद्याची गरज नाही.

पहिली, गॅलियमपासून पंखापर्यंतच्या साऱ्या साखळीला एकच धनी असावा: अवकाश विभागात एक कार्यक्रम संचालक, किमान सात वर्षांच्या मुदतीचा, ज्याला या पाचही मंत्रालयांच्या निधीतून खर्च करण्याचे अधिकार असतील आणि ज्याची बदली मध्येच होणार नाही.

दुसरी, प्रत्येक शासकीय उपग्रहाच्या पंखावर एक-दोन मालिका देशी घटांच्या असाव्यात. सौरपंखावर घटांच्या अनेक मालिका समांतर जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला उलटा प्रवाह रोखणारी सोय असते. एखादी मालिका निकामी झाली तर वीज तेवढ्यापुरतीच घटते, मोहीम बुडत नाही. पीएसएलव्ही अग्निबाणाचा चौथा टप्पा प्रयोगांसाठी कक्षेत ठेवण्याची पद्धत आपण २०२२ पासून अधिक विकसित स्वरूपात वापरतो. डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्यावर २४ प्रयोग होते. गुंडाळत्या पंखांच्या देशी नमुन्यांसाठी त्यावर कायमची जागा राखावी.

तिसरी, खरेदी बहुवर्षीय असावी आणि दर ठरवताना किलोमागे किती वॉट मिळतात व त्यातून उपग्रहाचे आयुष्य किती वाढते, हे मोजले जावे. या कार्यक्रमाचा निधी ३१ मार्चला व्यपगत होऊ नये.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: पूर्वघोषित प्रयोगातील प्रामाणिक अपयशाला निष्फळ खर्च म्हटले जाणार नाही, असा लेखी संकेत वित्त आणि लेखापरीक्षण यंत्रणांनी मिळून ठरवावा. प्रयोगाआधी काय शिकायचे आहे ते लिहून ठेवावे आणि प्रयोगानंतर ते शिकलो की नाही, याची तपासणी करावी. गैरव्यवहार करणाऱ्याला यात संरक्षण नाही. जो काही करू पाहतो त्याला आहे. आज आपल्या व्यवस्थेत काहीही न करणाऱ्या अधिकाऱ्याचे कधीच काही बिघडत नाही, कारण न काढलेल्या गॅलियमवर आणि न बनवलेल्या घटावर कोणी लेखा-आक्षेप नोंदवत नाही.

महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी अनेक जण बंगळुरू, हैदराबाद, कॅलिफोर्निया, जर्मनी येथे याच किंवा शेजारच्या क्षेत्रांत काम करतात, याची मला जाणीव आहे. आपल्या संस्थेत पहिल्या अपयशाचे पैसे कोण देतो आणि ते कागदावर कसे दाखवले जातात, हे त्यांनी तपशिलाने लिहावे, अशी माझी विनंती आहे. घटाचे रसायन आपल्या प्रयोगशाळांना समजते. तो कागद कसा लिहितात, हे आपल्या कचेऱ्यांना अजून शिकायचे आहे.